बिलात वारा कुठे आहे?

दळणाचा दर मी किलोमागे एक रुपयाने वाढवला तो सोमवार होता. गिरणीच्या दारावर खडूने नवा आकडा लिहिला, पट्टा चढवला आणि मोटार चालू केली. पहिली आली ती वरच्या आळीतली एक म्हातारी. तिला वाचता येत नाही, पण मागे उभ्या असलेल्या एका बाईने तिला आकडा सांगितला. म्हातारीने बाजरीचा डबा खाली आपटला आणि कमरेवर हात ठेवले.

"का गं, सोन्याचं पीठ पाडती व्हय आता?"

"आत्या, वीज महागली," मी म्हणाले. "बिल दाखवते, बघा."

"मला कशाला बिल दावती? तुझाच नवरा त्या पंख्यांवर चढतो. त्येंच्यामुळंच महागली वीज. समद्या गावाला ठावं हाय."

दळणाला आलेल्या बाकीच्या बायका हसल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कुणी हसलं नाही. आमच्या घरात रोज त्यांच्या वाट्याचं काहीतरी पोत्यात भरून येतंय, अशा नजरेने त्या माझ्याकडे बघत होत्या. मी मोटार बंद केली. "ज्यांना परवडत नसेल त्यांनी दुसरीकडे जावं," असं म्हणाले खरी, पण म्हणताना माझाच आवाज फाटला. म्हातारी कुठेही गेली नाही. तिने बाजरी दळून घेतली, जुन्याच दराने पैसे टेकवले आणि चालती झाली. उरलेला रुपया-दोन रुपये मी मागितले नाहीत. मला तिचा राग आलाच, पण तिच्या डोक्यात हे कुणी भरलं त्याचा त्याहून जास्त आला.

आमचं गाव पारनेर तालुक्यातल्या पठारावर आहे. शेती पावसावरची, माळ मुरमाड, आणि माळाच्या कडेच्या डोंगरावर पवनचक्क्यांची रांग. माझे यजमान गेली वीसेक वर्षं त्या चक्क्यांच्या देखभालीवर आहेत. कंपनीचे नोकर नव्हेत, ठेकेदाराचे. कमरेला पट्टा बांधून टॉवरच्या आतल्या शिडीने वर चढायचं, वर जाऊन तेल, बोल्ट, ब्रेक बघायचे आणि उतरायचं. ठेकेदार चार वेळा बदलला, शिडी तीच राहिली. मी कोल्हारची. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर हातात आलेल्या पैशातून त्यांनी मला ही गिरणी घालून दिली. म्हणाले, "बाई, नवऱ्याचं काम उंचावरचं आहे. तुझं जमिनीवरचं असू दे." तेव्हापासून पुढच्या पडवीत जातं फिरतंय. रविवारी सकाळी उपासनेच्या वेळेपुरतं तेवढं बंद असतं.

म्हातारी बोलली ते आलं कुठून, हे मला दुपारी कळलं. आठवड्यापूर्वी सभामंडपाच्या उद्घाटनाला एक पुढारी आले होते. त्यांनी माईकवरून डोंगराकडे बोट दाखवून सांगितलं की ह्या चक्क्यांची महागडी वीज घ्यावी लागते म्हणून तुमची बिलं फुगतात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझे यजमान मागच्या बाजूला उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं, घरी येऊन जेवले आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही. मला ते शेजारणीकडून कळलं. मी त्यांच्यावर ओरडले. "तिथंच उभं राहून विचारायचं नाही का?"

"माईक त्येंच्या हातात हुता," ते म्हणाले.

आमचं हे असं आहे. बोलायचं मी आणि सोसायचं त्यांनी. याआधीही एकदा गावाने पंख्यांवर असाच आळ घेतला होता. लागोपाठ पाऊस हुकला, विहिरींचे तळ दिसायला लागले, टँकरपुढे भांडणं होऊ लागली, आणि कुणीतरी म्हणालं की हे पंखे ढग पुढे ढकलतात. बघता बघता सगळे तसं बोलायला लागले. एका दुपारी पन्नास-साठ माणसं माळावर गेली. टॉवरच्या बुडाशी लोखंडी दार असतं. यजमान आणि त्यांचा एक जोडीदार वर होते. लोकांनी बाहेरून साखळी घातली. मी जेवणाचा डबा घेऊन पोहोचले तेव्हा दारापुढे माणसं बसली होती आणि ऊन मी म्हणत होतं.

"माझा माणूस आत आहे," मी ओरडले.

"असू दे की," एकजण म्हणाला. तो रोज माझ्याकडे दळायला येणाऱ्या बाईचा नवरा होता. "ढग सोड म्हणावं, मग दार सोडतो."

त्या लोखंडी नळीत उन्हाळ्याच्या दुपारी काय होत असेल, ते त्यातल्या एकालाही सुचलं नाही. मी साखळीला हात घातला तर बायकांनी मला मागे ओढलं. पोलीस यायला तीन तास लागले. दार उघडलं तेव्हा यजमानांचे ओठ पांढरे पडले होते. ते खाली बसले, डब्याच्या झाकणातून पाणी प्याले आणि म्हणाले, "जाऊ दे. तहानलेली मानसं हायेत."

मला त्या माणसांपेक्षा त्या क्षणी त्यांच्या ह्या शहाणपणाचाच संताप आला. पुढे चांगला पाऊस झाला. पंखे तेव्हाही फिरतच होते. कुणी येऊन म्हटलं नाही की वहिनी, आमचं चुकलं. मीही त्या सगळ्यांचं दळण दळत राहिले.

म्हणून ह्या वेळी मी गप्प बसायचं नाही असं ठरवलं. बिल घेतलं आणि विजेच्या ऑफिसात गेले. तिथे एक तरुण साहेब होता, बोलायला नम्र. त्याने बिल बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, रीडिंग बरोबर आहे."

"रीडिंग बरोबर आहे हे मलाही कळतं. मोटार तीच, दळण तेवढंच, मग बिल वाढलं कशाने?"

त्याने पेनने खिडकीकडे दाखवलं. खिडकीतून आमचा डोंगर दिसतो. "ते बघा की. ती वीज महाग पडते."

मी बिल त्याच्यापुढे सरकवलं. "ह्या बिलात वारा कुठे आहे? मला ओळ दाखवा."

त्याने बिल सुलटं केलं, उलटं केलं. "तसं बिलात नसतं ते."

"मग तुम्हाला कुठे दिसलं?"

"वरून सांगतात."

"वरून म्हणजे पंख्यावरून का?" मी विचारलं. त्याचा चेहरा पडला. बाजूचे दोघं खाली मान घालून हसले. मला हसू आलं नाही. शिकलेला, सरळ मुलगा. पण पुढाऱ्याने माईकवर म्हटलं तेच तो टेबलामागून म्हणत होता, आणि दोघांनीही त्यासाठी कागद उघडला नव्हता.

घरी आल्यावर मी ओट्यावर बिल पसरलं आणि यजमानांना चष्मा लावायला लावला. "आज तुम्ही बोलायचं. तुम्हाला काय माहिती आहे ते सगळं सांगायचं, आणि आपल्या बाजूचं तेवढंच नाही."

ते हळूहळू बोलायला लागले. जुन्या चक्क्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या विजेचा दर चढा ठरला होता, हे खरं आहे म्हणाले. तेव्हा मशिनं महाग होती. पण त्यातले कितीतरी करार संपले, आणि आता नवीन लागतात त्यांची वीज बरीच स्वस्तात जाते. वारा आषाढ-श्रावणात मरणाचा असतो आणि ऐन मार्चच्या उन्हात, सगळ्यांना वीज हवी असते तेव्हा, दम टाकतो. तेव्हा दुसरीकडून वीज घ्यावी लागते. हेही खरं.

"आन् वारा असून बी कधी कधी थांबवाया लावत्यात," ते म्हणाले. "पुढची लाइन बंद पडली की आमी पंख्याला बिरेक लावून बसतो. वारा फुकट जातो."

मग त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवलं. इंधन समायोजन आकार. "ही ओळ बघ. कोळसा महागला, बाहेरून आनावा लागला, का हितं वाढ. वाऱ्याला कोळसा लागत न्हाई." स्थिर आकार. मोटार फिरो न फिरो, तो द्यायचाच. वीज शुल्क म्हणजे सरकारचा वाटा. राहिली मधेच गळणारी, चोरीला जाणारी वीज. तिची वेगळी ओळ नसते, ती सगळ्या ओळींत मुरलेली असते. कुणाला स्वस्तात द्यायची तर कुणाला तरी महाग द्यावी लागते, आणि गिरणीसारखे धंदे त्या दुसऱ्या कुणात तरी मोडतात.

मी ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जात होती. एवढी सगळी कारणं. प्रत्येकामागे एखादं ऑफिस, कुणाची तरी सही, कुणाचं तरी दुर्लक्ष. त्यातलं एकही डोंगरावर उभं राहून दिसत नाही. दिसतो तो पंखा. म्हणून बोट पंख्याकडे.

पंख्यांची बाजू घ्यायला मी काही कंपनीची वकील नाही. त्यांनी आमच्या माळावर रस्ते पाडले तेव्हा गावाला दिवसरात्र वीज मिळेल असं त्यांचे लोक सांगत होते. त्या तारा आमच्या डोक्यावरून कुठल्या कुठे गेल्या आणि आमच्याकडे दुपारची लाइट अजून जातेच. वीस वर्षं शिडी चढलेल्या माणसाला त्यांनी कायम केलं नाही. तो राग माझ्याकडे वेगळा आहे. पण एका चोराला दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी धरलेलंही मला चालत नाही.

त्याच महिन्यात पेपरात जाहीर नोटीस आली. वीज नियामक आयोग नवे दर ठरवणार होता, लोकांच्या हरकती मागवल्या होत्या आणि सुनावणी नाशिकला होती. मी वडिलांनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात दोन पानं लिहिली आणि पोस्टाने पाठवली. जायचं ठरवलं तेव्हा यजमान म्हणाले, "मी येऊन काय बोलनार?"

"बोलू नका. शेजारी बसा."

आदल्या दिवशी कोल्हारला माहेरी मुक्काम केला आणि सकाळच्या एस.टी.ने नाशिक गाठलं. मोठा हॉल, पुढे टेबलावर पांढरी कापडं, पाण्याच्या बाटल्या. कारखानदारांचे वकील आले होते. त्यांच्याकडे तक्ते होते, पडद्यावर दाखवायच्या रेघा होत्या. प्रत्येकाने बराच वेळ घेतला. माझा नंबर लागेपर्यंत जेवणाची वेळ होत आली आणि टेबलामागची माणसं घड्याळं बघायला लागली.

"थोडक्यात सांगा," मला सांगण्यात आलं.

मी माईक धरला. मी म्हणाले, "मी पिठाची गिरणी चालवते. माझ्या बिलात इंधनाची ओळ आहे, वाऱ्याची ओळ नाही. तरी मला ऑफिसातून सांगतात की वाऱ्याने बिल वाढलं, आणि सभेत पुढारी तेच सांगतात. वाऱ्याने वाढलं असेल तर किती वाढलं ते बिलात छापा. कोळशाने किती, गळतीने किती, तेही छापा. मला स्वस्त वीज द्या असं मी आज मागत नाही. कशाचे पैसे घेता ते सांगा, एवढं मागते. गावात लोक माझ्या नवऱ्याला दोष देतात. ते हे बसलेत. त्यांना एकदा अशाच एका खोट्यापायी टॉवरमध्ये कोंडलं होतं."

यजमान खुर्चीत अवघडले. मग टेबलामागचे एक गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "आपला मुद्दा नोंदवून घेतला आहे."

"उत्तर कधी मिळेल?"

"आदेशात येईल. पुढचे."

पुढचे उठले. मी माईक सोडला नाही. एका पोरगेल्या कर्मचाऱ्याने तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला. बाहेर व्हरांड्यात सगळ्यांना जेवणाची पाकिटं वाटत होते. मी घेतलं नाही. यजमानांनी घेतलं आणि अर्धं माझ्यापुढे धरलं. "लांबनं आलोय. खा," म्हणाले. मी रडले नाही, पण खाल्लंही नाही.

काही महिन्यांनी आदेश आला. एका ओळखीच्या शिक्षकाने तो मोबाईलवर काढून दाखवला. शेकडो पानं, बहुतेक इंग्रजीत. माझ्या नावापुढे दीड ओळ होती: एका ग्राहकाने बिलातील तपशिलाबद्दल सूचना केली. बस. पुढच्या बिलात सगळ्या ओळी होत्या तशाच होत्या.

त्या दिवशी मी ठरवलं की ते छापणार नाहीत तर मी लिहीन. मोठा पांढरा कार्डशीट आणला. वर माझं बिल चिकटवलं आणि प्रत्येक ओळीसमोर मराठीत लिहिलं, ही ओळ कशाची, ती का वाढते. पवनचक्क्यांचंही लिहिलं: जुने करार महाग होते, नवे स्वस्त आहेत, वारा उन्हाळ्यात पडतो. काही लपवलं नाही. तो तक्ता गिरणीच्या भिंतीवर, दळणाच्या रांगेसमोर लावला. दळण होईपर्यंत बायकांना उभं राहावंच लागतं. त्या वाचायला लागल्या. ज्यांना येत नव्हतं त्यांना दुसऱ्या वाचून दाखवायला लागल्या.

पंधरा दिवसांनी वरच्या आळीची म्हातारी आली ती बाजरीबरोबर स्वतःचं बिल घेऊन. दोन महिने ती घोडेगावला लेकीकडे होती. घराला कुलूप होतं.

"मी एक दिवा बी लावला न्हाई. मंग हे कशाचं?"

मी तिला स्थिर आकाराची ओळ दाखवली. तिला ते पटायला वेळ लागला.

"म्हंजे न जाळता बी?"

"न जाळताही, आत्या."

तिने मग जी शिवी हासडली ती मी इथे लिहीत नाही. ती शिवी डोंगराकडे तोंड करून नव्हती, एवढं मात्र मी बघितलं. माझ्या यजमानांबद्दल ती पुढे काही बोलली नाही. माफीही मागितली नाही. दळणाचे पैसे मात्र नव्या दराने दिले, मोजून, आणि तोंड वाकडं करून.

हळूहळू बायका आपापली बिलं आणायला लागल्या. रविवारी उपासनेहून आल्यावर यजमान पडवीत चष्मा लावून बसतात आणि एकेकीला ओळी वाचून दाखवतात. वीस वर्षांत हा माणूस गावासमोर एवढा बोलला नव्हता.

ऑफिसपर्यंत बातमी गेलीच. एके दिवशी तो तरुण साहेब गिरणीत येऊन उभा राहिला. आधी वायरमनला पाठवून झालं होतं. "तक्ता काढा म्हणतात," असं सांगून तो गेला होता आणि मी काढला नव्हता.

"मॅडम, ह्याने लोकांचा गैरसमज होतो," साहेब म्हणाला. "लोक ऑफिसात येऊन भांडतात."

"यातली एक ओळ खोटी दाखवा. आत्ता काढते."

मला वाटलं तो चिडेल. तो भिंतीजवळ गेला, हात मागे बांधले आणि वरपासून वाचायला लागला. बायकांनी वाट करून दिली. जातं बंद होतं, त्यामुळे त्याचं पुटपुटणंही ऐकू येत होतं. मध्यावर तो थांबला.

"हे चुकलंय," तो म्हणाला. "वहन आकार. तुम्ही लिहिलंय कोळसा वाहून आणायचा खर्च. तसं नाही ते. खांब, तारा, डीपी, यांचा खर्च असतो तो. वीज तुमच्या दारापर्यंत वाहून आणायचा."

यजमान त्या दिवशी घरीच होते, मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी डोकं खाजवलं. ती ओळ त्यांनी सांगितलेली नव्हती, मी माझ्या मनानेच लिहिली होती. वहन म्हटल्यावर माझ्या डोळ्यासमोर कोळशाची मालगाडी आली होती. माझे कान तापले. मीही न बघता बोट दाखवलं होतं.

"पेन द्या," मी म्हणाले.

त्याने खिशातलं पेन काढून दिलं. मी ती ओळ खोडली आणि त्याने सांगितलं तसं तिच्याखाली लिहिलं. त्याला वाचून दाखवलं. "बरोबर?"

"बरोबर."

"बाकी?"

त्याने उरलेला तक्ता शेवटपर्यंत वाचला. वेळ घेऊन वाचला. गळतीच्या ओळीपाशी थोडा जास्त थांबला.

"बाकी ठीक आहे," तो म्हणाला.

"मग हे तुमच्या ऑफिसात का लावत नाही?"

पेन परत घेऊन तो बाहेर पडला आणि मोटारसायकलला किक मारायला लागला. माझा राग तेव्हाही उतरला नव्हता, आता हे लिहितानाही उतरलेला नाही. ज्याला सगळं वाचता येतं, चूक कुठे आहे तेही सांगता येतं, त्याने पहिल्याच दिवशी खिडकीबाहेर पेन दाखवायचं कशासाठी? हे मला त्याच्या मागे जाऊन विचारायचं होतं. पण रांगेत चारजणी खोळंबल्या होत्या. मी पट्टा चढवला आणि मोटार चालू केली.